टाकून दिलेलं उत्तर

पंधरा मीटर उंच गच्चीच्या कठड्यावरून एक दगड सेकंदाला 10 मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर कधी पडेल? अकरावीच्या वर्गात अशी उदाहरणं दरवर्षी फळ्यावर येतात. गुरुत्वत्वरण 10 धरलं की वर्गसमीकरण तयार होतं, अवयव सहज पडतात आणि दोन उत्तरं मिळतात : 3 सेकंद आणि उणे 1 सेकंद. मग वहीत एक ठरलेलं वाक्य उतरतं, ‘परंतु वेळ ऋण नसते’, आणि उणे 1 वर काट बसते. याच वाक्याची ओळख दहावीत ‘परंतु वय ऋण नसते’ अशी झालेली असते, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात आणि करण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हा लोकांच्या हातून अशा काटा सतत मारल्या जातात. ‘हे सोल्यूशन अनफिजिकल आहे, टाकून द्या’ हे आमच्या धंद्यातलं रोजचं बोलणं आहे. गणित आणि भौतिकशास्त्र यांचं नातं नेमकं काय, हा प्रश्न विचारला की बहुतेक जण समीकरण निसर्गाशी कसं तंतोतंत जुळतं याच्या कथा सांगतात. मला वाटतं, ते नातं खरं उघडं पडतं या काटेपाशी. समीकरण मागितलं त्यापेक्षा जास्त देतं, आणि त्यातलं काय ठेवायचं व काय टाकायचं याचा नियम गणितात कुठेही सापडत नाही.

उणे 1 म्हणजे काय, हे एकदा थांबून पाहू. त्याच सूत्रात दगड सुटण्याच्या एक सेकंद आधीची वेळ घातली तर उंची शून्य येते आणि वेग सेकंदाला 20 मीटर, वरच्या दिशेने. म्हणजे खाली अंगणात उभं राहून कुणी 20 मीटर वेगाने दगड वर फेकला असता, तर बरोबर एका सेकंदाने तो कठड्याशेजारून 10 मीटर वेगाने वर गेला असता आणि तिथून पुढे त्याचा प्रवास आपल्या दगडासारखाच झाला असता, तसूभरही फरक न पडता. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, फेकणारा हात ठाऊक नाही. त्याला फक्त तो प्रवास ठाऊक आहे, आणि त्या प्रवासात दगड दोनदा जमिनीच्या पातळीवर असतो, हे त्याने इमानाने सांगितलं. त्यातली एक वेळ गाळायची, कारण दगड शून्याव्या क्षणी हातातून सुटला. ही माहिती आपल्याकडे होती, समीकरणात ती कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हा ‘वेळ ऋण नसते’ हे कारणच चुकीचं आहे. वेळ खुशाल ऋण असते. घड्याळ आत्ता सुरू केलं तर काल घडलेलं सगळं ऋण वेळेलाच घडलं. ‘त्या वेळी दगड हातात होता’ हे खरं कारण. पहिल्या वाक्यात आपण गणितावर वेडंवाकडं बोलल्याचा आरोप करतो. दुसऱ्यात आपण प्रश्न पुरता सांगितला नव्हता हे कबूल करतो. या दोन वाक्यांतलं अंतर मला फार मोठं वाटतं.

हा पेच आपल्याकडे जुना आहे. ऋण आणि धन हे शब्दच कर्ज आणि संपत्ती यांचे, आणि ब्रह्मगुप्तांनी इ. स. 628 मध्ये त्यांच्या आकडेमोडीचे नियम लिहून ठेवले. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांच्या कळपाची दोन उदाहरणं येतात. ती शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात बागडताहेत आणि उरलेली 12 टेकडीवर आहेत. उत्तरं दोन, 48 आणि 16, आणि आचार्य दोन्ही मान्य करतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून 3 वजा करून जो वर्ग येतो तितकी माकडं गुहेत गेली आहेत आणि एक फांदीवर चढलेलं दिसतं आहे. इथेही उत्तरं दोन, 50 आणि 5. पण 5 घेतले तर त्यांचा पाचवा भाग 1, त्यातून 3 गेले की उणे 2. वर्ग केल्यावर 4 येतात, त्यात फांदीवरचं एक मिळवलं की बेरीज 5 होते, गणित बिनचूक जुळतं. तरी आचार्य 5 घेऊ नये म्हणतात, कारण वर्ग करण्याआधीची ती माकडांची संख्या उणे होते आणि लोकांना ते पटणारं नाही. एकाच ग्रंथात, एकाच रीतीने सोडवलेल्या दोन समीकरणांत, एकीकडे दुसरं उत्तर ठेवलं आणि दुसरीकडे टाकलं. रीत तीच असताना निवाडा वेगळा, म्हणजे निवाडा रीतीतून आलेला नाही. तो माकडांकडे बघून केलेला आहे. चाळीसगावजवळ पाटणला आचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आजही आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. माकडांच्या या दोन उदाहरणांवर त्या मठात काय चर्चा झाली असेल, ते ऐकायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

रोजच्या कामातली काट याच जातीची असते, फक्त माकडं नसतात. पोकळ दंडगोल नळीच्या आतलं विद्युत विभव काढायला बसलं की उत्तरात एक स्थिर पद येतं आणि एक पद अंतराच्या लॉगचं येतं. लॉगचं पद मध्यरेषेवर अनंताला जातं. नळीच्या मधोमध रिकाम्या जागी काहीही अनंत होण्याचं कारण नाही, म्हणून ते पद आम्ही एका ओळीत गाळतो. आता छतावरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत आलेली केबल कापून तिचं तोंड बघा. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी, सगळ्यांत बाहेर काळं आवरण. इथे मध्यरेषेची जागा तारेने अडवलेली आहे आणि विद्युतक्षेत्र फक्त पांढऱ्या थरात आहे. त्या थरात लॉगच्या पदाला अनंताला जायला वावच नाही, आणि केबलचं सगळं काम नेमकं त्याच पदावर चालतं. वहीच्या मागच्या पानावर ‘अशक्य’ म्हणून गाळलेलं पद पुढच्या पानावर एकटं सगळा भार उचलतं. मधल्या काळात गणित बदललेलं नाही; मधोमध तार आहे की नाही, एवढंच बदललं.

काही काटांचं कारण मात्र इतकं सहज सापडत नाही. मॅक्सवेल यांच्या समीकरणांतून लहरीची दोन उत्तरं निघतात. एकात अँटेना हलली की नंतर लहर बाहेर पसरते. दुसऱ्यात लहर आधीच चहूबाजूंनी आत येत असते आणि अँटेना हलते त्या क्षणी तिथे पोचते. अँटेनाच्या अभ्यासात दुसरं उत्तर एका वाक्यात निकालात निघतं : कारणाआधी परिणाम होत नसतो. पण हे तत्त्व त्या समीकरणांत नाही, ते आपण बाहेरून आणून लावतो. जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी 1945 मध्ये दोन्ही उत्तरं निम्मी निम्मी ठेवली आणि विश्वातलं सगळं द्रव्य त्या लहरींना जे प्रत्युत्तर देतं त्यामुळे नको असलेली लहर रद्द होते, असं दाखवायचा प्रयत्न केला. 1960 च्या दशकात फ्रेड हॉईल आणि कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी हा हिशोब प्रसरण पावणाऱ्या विश्वात मांडला. त्यांच्या गणितात स्थिर-स्थिती विश्वात तो जुळत होता, महास्फोटाच्या विश्वात जुळत नव्हता. पुढे 1965 मध्ये सर्वत्र भरून राहिलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने गेला. तेव्हा ती वाट राजमार्ग झाली नाही. तरी मला त्या प्रयत्नाबद्दल मनापासून आदर आहे. ज्या ओळीवर आम्ही सगळे डोळे मिटून काट मारतो, तिथे कुणीतरी काटेचं कारण मागितलं आणि ते शोधत थेट विश्वाच्या रचनेपर्यंत गेलं.

टाकायचं कारण बाहेरून आणावं लागतं, हे एवढ्यावरून मान्य व्हावं. ठेवण्याची गोष्ट याहून कडक आहे : उत्तर ठेवायचं तर ते पुरतं ठेवावं लागतं, त्यातलं सोयीचं तेवढं उचलता येत नाही. पॉल डिरॅक यांनी 1928 मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं तेव्हा त्यात धन ऊर्जेच्या उत्तरांबरोबर ऋण ऊर्जेचीही उत्तरं आली. जुन्या भौतिकशास्त्रात ती सरळ गाळता आली असती, कारण तिथे धन ऊर्जेचा कण ऋण ऊर्जेत उडी मारू शकत नाही. पुंजभौतिकीत तशी उडी शक्य आहे, म्हणून गाळायला जागा उरली नव्हती. मग डिरॅक यांनी मानलं की ऋण ऊर्जेच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या आहेत आणि त्यांतली एखादी रिकामी झाली की ती पोकळी धन विद्युतभाराच्या कणासारखी वागते. हा कण म्हणजे प्रोटॉन, असं त्यांनी आधी सुचवलं. त्या वेळी माहीत असलेला धन भाराचा कण तोच होता आणि नवा कण कल्पण्याची कुणाची तयारी नव्हती. पण समीकरण ऐकेना. पोकळीचं वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकंच असायला हवं, हे हर्मान वाइल यांनी दाखवलं. प्रोटॉन तर 1,836 पट जड. ती पोकळी प्रोटॉन असती तर हायड्रोजनचा अणू टिकलाच नसता, असा आक्षेप ओपेनहायमर यांनी घेतला. अखेर 1931 मध्ये डिरॅक यांनी लिहून टाकलं की हा वेगळाच, अजून कुणी न पाहिलेला कण आहे. इथे भौतिकशास्त्रज्ञाचा अंदाज चुकला आणि त्याला वळणावर आणलं ते गणिताने.

पुढच्या वर्षी, 2 ऑगस्ट 1932 रोजी, पॅसाडेना इथे कार्ल अँडरसन यांच्या मेघकक्षात एक माग उमटला. ते डिरॅक यांचा कण शोधत नव्हते, विश्वकिरणांचे फोटो काढत होते. कक्षाच्या मधोमध 6 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता आणि भोवती जोरदार चुंबकीय क्षेत्र होतं. फोटोत पत्र्याच्या खालचा माग कमी वळलेला आणि वरचा जास्त वळलेला दिसतो. शिसं ओलांडताना कणाची ऊर्जा खर्च होते आणि ऊर्जा कमी झाली की वळण वाढतं, म्हणजे हा कण खालून वर गेला होता. दिशा ठरली की भार ठरतो, आणि तो धन निघाला. प्रोटॉन असता तर तेवढ्या वळणाचा माग फार तर एक दशांश लांबीचा उमटला असता. म्हणजे हा कण हलका होता. वर्षभरापूर्वी कागदावर जे उत्तर गाळता येत नव्हतं म्हणून ठेवावं लागलं, ते पत्र्याच्या दोन बाजूंच्या वळणांतल्या फरकात डोळ्यांसमोर आलं. त्या फोटोची प्रत विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि काही न सांगता पट्टी आणि कंपास पुढे ठेवावा, इतका तो बोलका आहे.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. जुलै 1930 च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर श्वेतबटू ताऱ्यांचं गणित करत होते. ताऱ्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातात हे धरलं, तर एका मर्यादेपलीकडच्या वस्तुमानाला तोलून धरणारी त्रिज्याच मिळत नाही, असं उत्तर आलं. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानली जाते. जानेवारी 1935 मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी हे मांडलं आणि लगेच आर्थर एडिंग्टन उभे राहिले. तारा असा अर्थहीन वागू नये म्हणून निसर्गाचा काहीतरी नियम असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1919 च्या सूर्यग्रहणात आइनस्टाइन यांच्या सिद्धांताची कसोटी घेणारा हा माणूस. गणित त्यांना कमी येत होतं असं कोण म्हणेल? पण त्यांनी केलं ते ‘परंतु वेळ ऋण नसते’ याच जातीचं होतं. उत्तर टाकलं, आणि टाकण्यामागचं मूळ कारण आपल्याला ते पटत नाही हेच होतं. भास्कराचार्यांनीही लोकांना न पटण्याचा हवाला दिला होता, पण माकडं मोजता येतात. ताऱ्याच्या पोटात काय होतं, याबद्दल कुणाच्या पटण्या-न पटण्याला काय आधार होता?

यावर रास्त आक्षेप असा की मी जिंकलेल्यांचीच उदाहरणं वेचतो आहे. टाकलेली बहुतेक उत्तरं टाकण्याच्याच लायकीची असतात, हे मला मान्य आहे. उर्बेन लव्हेरिए यांनी युरेनसच्या कक्षेतल्या फरकावरून नवा ग्रह गणिताने काढला आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनला तो सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला, तोच नेपच्यून. त्याच लव्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतल्या फरकासाठी त्याच विचाराने सूर्याजवळ आणखी एक ग्रह मानला. तो नव्हताच. तो फरक 1915 मध्ये आइनस्टाइन यांच्या गुरुत्वसिद्धांताने सुटला. माणूस तोच, रीत तीच. डिरॅक यांच्या 1931 च्या त्या लेखातही असंच आहे. त्यात त्या नव्या कणाचं, म्हणजे प्रतिइलेक्ट्रॉनचं, भाकीत आहे, आणि लेखाचा मुख्य विषय आहे एकटा चुंबकीय ध्रुव, उत्तर दक्षिणेवाचून. असा एक जरी ध्रुव विश्वात असेल तर विद्युतभार ठरावीक पटीतच का सापडतो याचं उत्तर मिळतं. गणिताच्या देखणेपणात दुसरं भाकीत पहिल्यापेक्षा कणभर उणं नाही. पहिलं वर्षभरात सापडलं, दुसऱ्याचा पत्ता अजून नाही. म्हणून हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. कुठलं उत्तर जगात उतरेल हे समीकरणाच्या चेहऱ्यावरून ओळखता येत असतं, तर या दोन कणांची गत वेगळी झाली नसती.

दुसरा आक्षेप असा की गणित ही फक्त भाषा आहे, माणसाने आपल्या सोयीने घडवलेली, तेव्हा ती जगाशी जुळते यात नवल काय. यूजीन विग्नर यांनी 1960 च्या निबंधात गणिताच्या या उपयुक्ततेबद्दल विस्मय व्यक्त केला तेव्हापासून हे उत्तर अनेकांनी दिलं आहे. भाषेची उपमा मला अपुरी वाटते. मराठीत मी एक वाक्य लिहिलं तर मी न लिहिलेलं दुसरं वाक्य त्यातून आपोआप बाहेर पडत नाही आणि ते माझ्या नावावर चढत नाही. समीकरणात हे घडतं. कार्दानो यांनी 1545 मध्ये 10 चे असे दोन भाग मागितले की त्यांचा गुणाकार 40 व्हावा. उत्तरात उणे 15 चं वर्गमूळ आलं. त्यांनी ते पडताळून पाहिलं, जुळलं, आणि सूक्ष्म पण निरुपयोगी म्हणून सोडून दिलं. 1926 मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणात तीच काल्पनिक संख्या अशी येऊन बसली की खुद्द त्यांनाही आधी ती खटकली. कार्दानो यांनी अणूसाठी काही घडवलं नव्हतं. सोयीसाठी घडवलेलं हत्यार घडवणाऱ्याची इतकी अडचण करत नाही.

मग शेवटी निवाडा प्रयोगच करतो ना, असं कुणी म्हणेल. करतो, पण प्रयोगापुढे काय ठेवायचं हे आधी ठरावं लागतं, आणि घाईने मारलेली काट तिथे नुकसान करते. गुरुत्वलहरींचं उत्तर आइनस्टाइन यांनी 1916 मध्ये काढलं आणि 1936 मध्ये, रोझेन यांच्याबरोबर, त्यांनी स्वतःच ते टाकायचं ठरवलं, कारण गणितात एके ठिकाणी अनंत येत होतं. तो दोष लहरीचा नव्हता, निवडलेल्या निर्देशांकांचा होता. ध्यानात आल्यावर निष्कर्ष बदलला गेला. केबलमधल्या लॉगच्या पदाचीच ही मोठी बहीण. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, गोंगाटात बुडालेली अशी लहर गणिताने आधी काढलेल्या साच्यांशी ताडून कशी ओळखायची, यावर पायाभूत काम केलं. 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगो या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांबीच्या बाहूंमध्ये जो फरक नोंदला गेला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका होता. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरं एक झाली, हे त्या फरकातून वाचता आलं ते गणिताने आधी काढून ठेवलेल्या लहरीच्या आकारांमुळे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्याचं काम मंजूर झालेलं आहे. 1936 ची काट कायम राहिली असती तर कुणी काय शोधायला निघालं असतं?

माझं मागणं साधं आहे. पेपरात ‘परंतु वेळ ऋण नसते’ या वाक्याला गुण मिळू नयेत. ‘शून्याच्या आधी दगड हातात होता, म्हणून उणे 1 सोडलं’ असं लिहिणाऱ्याला पुरे गुण द्यावेत, आणि अंगणातून फेकलेला दगड ज्याला दिसला त्याला फळ्याशी बोलवावं. असं केलं तर अभ्यासक्रम मागे पडतो, हे मी जाणतो. दोन मिनिटांचं उदाहरण पंधरा मिनिटं घेतं आणि वर्गात साठ मुलं असतात. पण कुठलं उत्तर का टाकलं हे सांगता न येणारा विद्यार्थी पुढे संगणकाने दिलेली पानभर उत्तरं घेऊन बसणार आहे, आणि त्यातलं काय टाकायचं हे संगणक त्याला सांगणार नाही.

डिरॅक यांच्या एकट्या ध्रुवाचा शोध मात्र थांबलेला नाही. अपोलो यानाने आणलेले चंद्रावरचे दगड त्यासाठी तपासून झाले. स्टॅनफर्डला ब्लास कॅब्रेरा यांनी नायोबियमच्या तारेचं 5 सेंटिमीटर व्यासाचं, चार फेऱ्यांचं एक वेटोळं अतिशीत करून ठेवलं होतं. ध्रुव त्यातून गेला तर प्रवाह एकदम ठरावीक उंचीची पायरी चढणार होता. 14 फेब्रुवारी 1982 रोजी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, नोंदपट्टीवर तशी पायरी उमटली, उंची डिरॅक यांच्या सूत्राने सांगितलेली. त्यानंतर कितीतरी मोठी वेटोळी करून झाली. तशी पायरी पुन्हा कुणाला दिसली नाही, आणि ते उत्तर अजून कुणी काटलेलं नाही.